राजविवाह आणि आपल्या पेटींतील रुपया

बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. त्यामुळें येथील जुन्या घरांत हाली सिक्क्याचा एखादा रुपया अद्यापि सांपडतो. आणि तो राजपुत्रांच्या लग्नाचा म्हणून चढ्या दरानें विकूं पाहणारेहि भेटतात. तेव्हां या लग्नाचीच हकीकत प्रथम पाहूं.

सातवे निजाम मीर उस्मान अलीखान यांचे दोन पुत्र, आझम जाह व मोअज्जम जाह, यांचे विवाह १२ नोव्हेंबर १९३१ रोजीं फ्रान्समधील नीस शहरीं झाले. थोरल्याची वधू दुर्रुशेवार ही पदच्युत खलीफा अब्दुल मजीद यांची कन्या, तर धाकट्याची वधू निलोफर ही त्याच तुर्की राजघराण्यांतील. एवढा मोठा संबंध, परंतु रुपयावर त्याची खूणहि नाहीं. त्यावर चारमिनार, निजामाची पदवी आणि साल असतें. लग्नाच्या नांवाखालीं त्याला अधिक दाम मागणें ही निव्वळ फसवणूक होय.

खरीं समारंभाचीं नाणीं मोगलांचीं. विवाहांत व मिरवणुकींत उधळण्यासाठीं ते चांदीचीं हलकीं नाणीं मुद्दाम पाडीत, व त्यांवर 'निसार' हा शब्द असे. लोकांनीं तीं वेंचलीं, खर्चिलीं, वितळविलीं. म्हणून उरलेल्यांस संग्राहक मोठें मोल देतात. याच्या उलट विलायतेंत १९८१ सालीं युवराज चार्ल्स व डायाना यांच्या विवाहाचें तांबें-निकेलचें २५ पेन्सचें नाणें निघालें. अडीच कोटींहून अधिक नग पाडले गेले, आणि घरोघरीं ते डबींत जपले गेले. सर्वांनींच जपलेल्या वस्तूला गिऱ्हाईक कोठून मिळणार?

मग आपला रुपया टाकाऊ का? मुळींच नाहीं. चांदीचें मोल तर आहेच. परंतु संग्राहक पाहतो तीं ठसठशीत अक्षरें व अभंग कडा. गळ्यांत घालण्यासाठीं सोनाराकडून कडी डाकविलेला, किंवा दर लक्ष्मीपूजनाला चिंच-राखेनें घासलेला रुपया त्याच्या दृष्टीनें केवळ चांदीचा तुकडा. (आमच्या गृहिणींस हें रुचणार नाहीं!) चारमिनारच्या कमानींत उस्मान या नांवाचें आद्याक्षर 'ऐन' कोरलेलें असतें. १९११ च्या राज्यारोहणानंतरच्या आरंभींच्या कांहीं रुपयांवर तें आंखूड आहे, पुढें तें पूर्ण झालें. संग्राहक हा भेद भिंगाखालीं पाहतो, आणि तिळाएवढें तें अक्षर घासण्यांत सर्वांआधीं जातें.