नाडी लागेना, तरी माणूस हसतो!

वैद्यबुवांनी मनगटावर तीन बोटे टेकली की घरातली कुजबूज आपोआप थांबे. वऱ्हाडातल्या अनसिंगपासून पुण्यामुंबईपर्यंत हा देखावा एकच. वाताची नाडी सर्पगतीने, पित्ताची बेडकाच्या उडीने, कफाची हंसाच्या चालीने चालते, असे शार्ङ्गधरसंहिता सांगते. आणि नाडी हाताला लागलीच नाही, तर? मग विचारावयाचे काही उरतच नसे.

या समजुतीला धक्का दिला तो पंपाने. १९६६ साली ह्यूस्टनला डॉ. मायकेल डिबेकी यांनी एका स्त्रीचे थकलेले हृदय काही दिवस पंपावर सावरले व ती बरी झाली. फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयारोपण केले. रोगी काही तासच जगला. दुसऱ्याचे हृदय मिळणेही दुर्मिळ. म्हणून पंपाचे महत्त्व वाढत गेले. २००८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेला ‘हार्टमेट दोन’ रक्त अखंड धारेने ढकलतो. ठोका नाही, म्हणून पुष्कळदा नाडीही नाही. रोगी मात्र गप्पा मारीत बसलेला!

मग आत डोकवावयाचे कसे? ती खिडकी आधीच उघडली होती. १९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे डॉ. इंगे एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ कार्ल हेल्मुथ हर्ट्झ यांनी हृदयाचा पहिला प्रतिध्वनिलेख काढला. त्यांचे आरंभीचे प्रयोग माल्मोच्या गोदीत धातूतील दोष शोधणाऱ्या यंत्रावर झाले होते.

परंतु चित्र दिसणे निराळे, समजणे निराळे. पंप डाव्या कप्प्यातून रक्त ओढतो. दोन कप्प्यांमधला पडदा मध्यावर असावा. तो उजवीकडे फुगला, तर पंप कमी ओढत असेल, किंवा त्यात गुठळी अडकली असेल. डावीकडे झुकला, तर पंपाचा वेग फार असेल, शरीरात रक्त कमी पडले असेल, अथवा उजवी बाजूच दमली असेल. चित्र एकच, उपाय तीन! महाधमनीची झडप उघडते की नाही, हेही पाहावे लागते. सदा मिटलेली झडप पुढे गळू लागते. म्हणून कधी वेग पायरीपायरीने बदलून, प्रत्येक पायरीवर चित्र पुन्हा पाहतात.

वैद्यबुवांची बोटे गेली, पडद्यावर चित्र आले. पण रोग्याकडे पाहत, सगळी लक्षणे जुळवून निदान करणारा माणूस आजही तितकाच हवा.