जुना मॉनिटर आणि आपल्या दोन लिप्या

ग्राफिक्स कार्ड म्हटलं की आजच्या मुलांना गेम आठवतात. पण या कार्डांच्या इतिहासातलं एक गाजलेलं कार्ड लिपीच्या गरजेतून जन्माला आलं, हे फार थोड्यांना माहीत असतं. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी बाजारात आला, तेव्हा त्याच्यासाठी दोनच कार्डं होती. एक मोनोक्रोम. त्याची अक्षरं सुबक, पण ते फक्त अक्षरंच दाखवायचं आणि तीही कार्डावरच्या चिपमध्ये कायमची कोरलेली, २५६ चिन्हं. दुसरं रंगीत. त्यावर चित्र काढता यायचं, पण अक्षरं इतकी जाडीभरडी की तासभर वाचलं तर डोळे दुखावेत. वॅन सुवन्नुकुल नावाच्या माणसाला आपल्या प्रबंधाच्या कामासाठी पडद्यावर थाई लिपी हवी होती. कोरलेल्या २५६ मध्ये थाई नव्हती, आणि रंगीत कार्डावर ती नीट उमटत नव्हती. म्हणून त्याने स्वतःच कार्ड बनवलं. मोनोक्रोम मॉनिटरवरच ७२० गुणिले ३४८ ठिपके, प्रत्येक ठिपका वेगळा पेटवता येईल असं. १९८२ मध्ये ‘हर्क्युलिस’ नावाने ते विकायला आलं आणि पुढे जगभर त्याच्या नकला निघाल्या. भारतात ऐंशीच्या दशकाअखेर जे पिवळ्या-हिरव्या अक्षरांचे संगणक आले, त्यांतल्या कितीतरींच्या पोटात ही नक्कल असायची.

थाई लिपीत स्वरचिन्हं अक्षराच्या वर असतात, खाली असतात, आणि वरच्या चिन्हावर आणखी एक चिन्ह चढतं. वाचकहो, हे वर्णन ऐकून तुम्हाला आपली देवनागरी आठवली असेल तर बरोबरच आहे.

थोडा हिशेब मांडतो. मोनोक्रोम कार्डावर एका अक्षराला नऊ ठिपके रुंद आणि चौदा ठिपके उंच अशी खोली मिळायची. रंगीत कार्डावर आठ बाय आठ. इंग्रजी ‘ए’ला आठ बाय आठ पुरतात. आता ‘र्की’ लिहून बघा. शिरोरेषा, तिच्यावर वेलांटी, वेलांटीजवळ रफार. ‘ट्रू’ लिहायचं तर अक्षराच्या पोटाखाली आणखी दोन मजले. शिवाय आपली अक्षरं एका रुंदीची नाहीत. ‘र’ कृश, ‘क्ष’ ऐसपैस. सगळ्यांना एकाच मापाच्या खोल्या देणारं कार्ड इंग्रजीचं घर समोर ठेवून बांधलेलं होतं. कुणी मुद्दाम आपल्याला वगळलं असं नव्हे. बांधणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आपण नव्हतो, एवढंच.

हे पुस्तकातून कळणं वेगळं आणि डोळ्यांनी दिसणं वेगळं. आमच्या नरखेड तालुक्यातल्या एका शाळेच्या अडगळीत मोडक्या बाकांखाली एक जुना संगणक सापडला. भंगारात जाण्याआधी मी तो मागून घेतला. संगणक दुरुस्तीचं काम करणारा एक मित्र मदतीला आला. बटण दाबलं तर पंखा फिरला, आणि एक लांब, दोन आखूड बीप वाजले. मित्र म्हणाला, “सर, हा आंधळा हाये, बहिरा नाही. डिस्प्लेचं कार्ड सापडून नाही राहिलं त्याला.” बीपची ही भाषा जुन्या यंत्रांची खास सोय. पडदाच नसेल तर तक्रार पडद्यावर कशी लिहिणार?

कार्ड काढलं, त्याच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने घासल्या, खाचेत घट्ट बसवलं. बीप थांबले, पडदा काळाच. मॉनिटरच्या मागचा ब्राइटनेसचा खटका पार शून्यावर होता. तो फिरवला तेव्हा पिवळसर अक्षरं वर आली, आणि त्यांत पहिलीच ओळ अशी, की डिस्प्लेचा प्रकार जुळत नाही. मदरबोर्डावर रंगीत की मोनो हे सांगणारा एक जंपर असतो. पेन्सिलीच्या टोकाएवढी प्लास्टिकची टोपी. ती ‘रंगीत’वर होती आणि कार्ड मोनोक्रोम. टोपी एक घर सरकवली आणि काम झालं.

कुणीतरी सुचवलं होतं की इतका खटाटोप कशाला, नवा मॉनिटर लावा. तो लागत नाही. जुन्या कार्डाच्या जोडणीला नऊ पिना, १९८७ च्या व्हीजीएपासून पुढे पंधरा. फरक फक्त पिनांचा असता तर तारा जोडून भागलं असतं. मोनोक्रोम कार्ड सेकंदाला सुमारे १८ हजार ओळी काढतं, व्हीजीए साडेएकतीस हजार. जुना संकेत फक्त चालू-बंद जाणतो, नवा मंद-तीव्र अशा छटांमध्ये बोलतो. चुकीच्या गतीचा संकेत दिला तर काही जुने मॉनिटर जळायचेसुद्धा.

यंत्र सुरू झाल्यावर मी नववीच्या मुलांना बोलावलं. १९९१ साली भारतीय मानक संस्थेने इस्की नावाचा तक्ता प्रमाण केला. त्यात इंग्रजीचे पहिले १२८ क्रमांक तसेच ठेवून पुढच्या १२८ मध्ये भारतीय अक्षरं बसवली. त्यात ‘क’ १७९ वर, ‘म’ २०४ वर, ‘ल’ २०९ वर. डॉसमध्ये ऑल्ट दाबून क्रमांक टाकला की त्या क्रमांकाचं चिन्ह उमटतं. एका मुलीने १७९, २०४, २०९ असं टाकून ‘कमल’ लिहिलं. पडद्यावर एक उभी रेघ आली, मग तक्त्याच्या कडेचा दुहेरी जोड, मग वरच्या कडेचा. मागून एक जण म्हणाला, “सर, हे त खिडकीचे गज दिसून राहिले!” खरंच होतं ते. आयबीएमच्या चिपमध्ये चौकटी आखायच्या रेघा ज्या क्रमांकांवर होत्या, नेमक्या त्याच क्रमांकांवर इस्कीमध्ये ‘क’पासून ‘ह’पर्यंतची व्यंजनं येतात. संगणकाच्या आत ‘कमल’ होतंच. पडद्यापर्यंत पोचवणारं कार्ड ते ओळखत नव्हतं.

हे ओळखणारं कार्ड महाराष्ट्रातून आलं, याचा मला अभिमान आहे. देवनागरीवरचं मूळ काम आयआयटी कानपूरमधलं. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झाली आणि मोहन तांबे यांच्यासोबत ते काम तिथे आलं. सी-डॅक म्हटलं की आपण परम महासंगणकाचं नाव घेतो. पण तहसील कचेरीतल्या कारकुनाच्या दृष्टीने मोठी गोष्ट होती ते ‘जिस्ट’ कार्ड. ते पीसीच्या खाचेत बसवलं की इंग्रजीसाठी लिहिलेल्या डीबेससारख्या प्रोग्रामातसुद्धा देवनागरी उमटायची. प्रोग्रामला पत्ताही नसे की आपण मराठी साठवतो आहोत. जोडाक्षर कसं जुळवायचं, वेलांटी कुठे न्यायची, हे सगळं कार्ड बघायचं. शिवाय इस्कीत ‘क’ हा सर्व ब्राह्मीकुळातल्या लिप्यांना एकच, त्यामुळे तोच मजकूर कळ दाबून तमिळ किंवा गुजराती अक्षरांत बघता यायचा.

माझी दुसरी भाषा मात्र या तक्त्यात नव्हती. उर्दू ब्राह्मीकुळातली लिपी नाही, उजवीकडून लिहिली जाते, म्हणून तिचा तक्ता वेगळा करावा लागला. आणि अडचण दिशेपुरती नव्हती. नस्तालिकमध्ये शब्द उजवीकडून वरून सुरू होतो आणि उतरत उतरत डावीकडे खाली येतो. पहिलं अक्षर किती उंचावर बसवायचं, हे शेवटचं अक्षर कळल्याशिवाय ठरत नाही. चौदा ठिपके उंच खोलीत हा जिना मावायचा कसा? देवनागरीला मोठी खोली हवी होती, नस्तालिकला खोल्यांमधल्या भिंतीच नको होत्या.

तिच्यावर पहिला उपाय निघाला तो ताकदीचा. मिर्झा अहमद जमील यांनी अक्षरांचे वीस हजारांच्या आसपास जोड हाताने लिहिले, मोनोटाइप कंपनीने ते यंत्रात भरले, आणि १९८१ मध्ये लाहोरचा ‘जंग’ त्या नूरी नस्तालिकमध्ये छापून निघाला. पीसी बाजारात आला तेच हे वर्ष. पण ती यंत्रसामग्री मोठ्या वृत्तपत्रालाच परवडणारी. आपल्याकडे सामान्य छापखान्यात नस्तालिक आली ती १९९४ च्या इनपेजपासून, दिल्लीत तयार झालेल्या. तोवर कातिब बोरूने पानं लिहीत होते. चेन्नईच्या ‘मुसलमान’ दैनिकाने तर त्यानंतरही हस्तलिखित पानांचीच रीत चालवली. लोक त्याचं कौतुकाने चित्रण करतात. मला त्यात कौतुकाइतकीच नाइलाजाची बाजू दिसते.

मी बीएड होऊन शिकवायला लागलो तेव्हा मराठीची प्रश्नपत्रिका टाइप करून मिळायची आणि उर्दूची मी हाताने लिहून झेरॉक्स काढायचो. एकाच शिक्षकाच्या दोन प्रश्नपत्रिका, एक छापील, एक हाताची. मुलं काही बोलत नाहीत, पण कोणता विषय ‘खरा’ हे त्यांना कागदावरून कळतं. इनपेज आल्यावर पान देखणं झालं, तरी त्यातला मजकूर दुसरीकडे नेला की त्याचा चुरा व्हायचा. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. त्यातली देवनागरीची मांडणी थेट इस्कीवरून घेतलेली. उर्दूची अक्षरंही त्यात अरबीच्या विभागात होती, पण अक्षर तक्त्यात असणं आणि नस्तालिकमध्ये दिसणं यांत कितीतरी वर्षं गेली. विंडोजमध्ये मंगल फॉन्टसह देवनागरी २००० साली आली. विंडोजच्या स्वतःच्या फॉन्टमध्ये नस्तालिक वळण मिळालं ते २०१२ मध्ये, विंडोज ८ बरोबर. गुगलचा नोटो नस्तालिक २०१४ चा. तोवर उर्दू पडद्यावर दिसायची ती नस्ख वळणात, बातमी वाचता येईल पण शेर वाचवणार नाही अशी.

तो पिवळ्या अक्षरांचा मॉनिटर आता वर्गात एका टेबलावर आहे. ऑल्ट आणि १७९ कसं दाबायचं ते मुलांना पाठ झालंय. त्या दिवशी सातवीतल्या एकाने विचारलं, “सर, यात अलिफ कितव्या नंबरवर?” मी सांगितलं, या कार्डात नाही. त्याने एक शब्द न बोलता सरळ उभी रेघ काढली, १७९ दाबून, आणि म्हणाला, “हा घ्या.”