देवीची लस आणि पालकांचा अधिकार

मुलाला लस टोचावी की नाही, हे कोणी ठरवावे? हा प्रश्न आपल्या देशात नवा नाही. १८०२ साली मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातील पहिली देवीची लस टोचण्यात आली. पुढे १८७७ च्या कायद्याने मुंबई शहरात, आणि १८८० चा कायदा जेथे लागू झाला त्या नगरपालिकांच्या हद्दीत, मुलांना देवी टोचून घेणे पालकांवर बंधनकारक झाले.

भोपाळ संस्थान ब्रिटिश हिंदुस्थानच्या कायद्यांच्या कक्षेबाहेर होते. तेथे शाहजहान बेगम (कारकीर्द १८६८–१९०१) यांनी लोकांची भीती घालविण्यासाठी स्वतःच्या नातीला लस टोचविली आणि मुले आणणाऱ्या पालकांना बक्षिसे दिली. प्रजेकडे जे मागितले, ते त्यांनी आधी आपल्या घरात केले.

परंतु केवळ पालकांच्या इच्छेवर विसंबणे नेहमीच निर्धोक नसते. गांधीजींचा देवी टोचण्यास तत्त्वतः विरोध होता. १९३० च्या आरंभी साबरमती आश्रमात देवीची साथ आली आणि मुले दगावली. त्यांत संगीतज्ञ पंडित नारायण मोरेश्वर खरे यांचा मुलगा होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत पंडितजी दांडीयात्रेत सामील झाले. त्या शोकाकुल पित्यास दोष देणे आमच्या मनात नाही. तथापि निष्ठा मोठ्यांची होती, देह मात्र बालकांचा होता.

यहुदी मुलांना आईबापांच्या इच्छेविरुद्ध बाप्तिस्मा देऊ नये, असे संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात प्रतिपादिले. विवेकबुद्धी जागृत होईपर्यंत मूल निसर्गतःच आईबापांच्या संगोपनाखाली असते, हे त्याचे कारण. पालकांचा हा अधिकार आम्ही शिरसावंद्य मानतो. मात्र संगोपन हाच त्याचा पाया आहे. मूल ही देवाने सोपविलेली ठेव आहे, पालकांची मालमत्ता नव्हे. स्वतःच्या मतासाठी स्वतः मरण पत्करणे निराळे आणि ते अजाण लेकरावर लादणे निराळे. शिवाय संसर्ग शेजाऱ्याच्या पाळण्यापर्यंत पोहोचतो. तेव्हा बालकाच्या जिवाला जेथे उघड धोका पोहोचतो, तेथे पालकांच्या निवडीची सीमा येते, असे आम्हांस वाटते.

१९८० साली जग देवीमुक्त जाहीर झाले. गोवर आणि घटसर्प अजून आहेत. धर्मगुरू व धर्मशिक्षक यांना घरोघरी प्रवेश असतो. साशंक मातेस दटावण्याऐवजी तिचे भय ऐकून घ्यावे, आपल्या घरचा दाखला द्यावा आणि तिच्यासोबत दवाखान्यापर्यंत जावे. कायद्याच्या सक्तीपूर्वीचे हे काम आपले आहे.