तुकोबांचा सिनेमा आणि साहेबमामा

आमच्या नंदनवनातली तरुण मंडळी सिनेमाची शौकीन आहेत. जुने कोणते सिनेमे बघावेत, असं मला अधूनमधून कुणीतरी विचारतं. विचारणारा मुसलमान असेल तर यादी बहुतेक त्याच्या मनात आधीच तयार असते: 'मुघल-ए-आझम', 'चौदहवीं का चाँद', 'पाकीझा'. सिनेमे सुंदर आहेत, मलाही आवडतात. पण त्यांतला मुसलमान बादशहा असतो, नवाब असतो नाहीतर कोठ्यावर गाणारी असते. आपल्या घरातला मिस्त्री, बागवान, अत्तार, शिकलगार किंवा मास्तर त्यात कुठेच दिसत नाही. म्हणून माझी यादी मराठीपासून सुरू होते, आणि तीही 'संत तुकाराम'पासून.

ऐकणारा हमखास चकित होतो. तुकारामाच्या सिनेमात आपलं काय?

आपलं बरंच काही आहे. १९३६ सालच्या या चित्रपटाचे दिग्दर्शक दोन. एक विष्णुपंत दामले, दुसरे शेख फत्तेलाल. फत्तेलाल कागलचे. सिनेमाच्या दुनियेत त्यांना सगळे 'साहेबमामा' म्हणत. कोल्हापुरात बाबुराव पेंटरांच्या हाताखाली ते चित्रकला आणि पडदे रंगवणं शिकले. महाराष्ट्र फिल्म कंपनीत दामल्यांशी त्यांची जोडी जमली आणि १९२८ मध्ये दोघांनी मिळून 'महारथी कर्ण' हा मूकपट केला. १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी निघाली, तेव्हा व्ही. शांताराम, दामले, धायबर आणि कुलकर्णी यांच्याबरोबर फत्तेलालही भागीदार होते. कंपनी १९३३ मध्ये पुण्याला आली. प्रभातच्या गाजलेल्या चित्रपटांतले महाल, वाडे, गल्ल्या आणि देवळं उभी राहिली ती फत्तेलालांच्या कलादिग्दर्शनाखाली.

'संत तुकाराम' बघताना त्यातलं देहू नीट बघा. घर गरीब आहे आणि ते गरीबच दिसतं. विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम अभिनय करतोय असं वाटतच नाही. गौरीची आवली नवऱ्यावर आणि देवावर सारखीच चिडते. पोर आजारी पडल्यावर ती चप्पल घेऊन विठोबाला जाब विचारायला निघते. शेवटी तुकोबा वैकुंठाला निघतात आणि ती संसारात, मुलांजवळ मागे राहते. भक्तीइतकाच मान तिच्या चुलीलाही देणारा हा चित्रपट आहे. १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्यातला एक अभंग शांताराम आठवल्यांनी रचलेला आहे. तो इतका जमून गेला, की पुष्कळांना तो तुकोबांचाच वाटत आला.

पुढे दामले-फत्तेलालांनीच 'संत ज्ञानेश्वर' (१९४०) केला. दामले १९४५ मध्ये गेले. त्यानंतर दहा वर्षांनी, १९५५ मध्ये, फत्तेलालांनी 'जगद्गुरु शंकराचार्य' दिग्दर्शित केला.

हा इतिहास सांगितला की काहीजण म्हणतात, "बघा, एका मुसलमानाने संतपट काढला!" कौतुकच असतं ते, पण मला खटकतं. त्यात 'असूनसुद्धा' हा शब्द लपलेला असतो. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीतच लिहिला. आमच्या इथून जवळच असलेल्या ताजबागेत बाबा ताजुद्दीन यांच्या दर्ग्यावर कोण कोण येतं, हे नागपूरकराला सांगायला नको. या मातीतला माणूस या मातीच्या गोष्टी सांगणारच. फत्तेलालांनी कुणाला काही सिद्ध करून दाखवण्यासाठी देहू उभं केलं नाही. ते त्यांचं काम होतं आणि ते त्यांना उत्तम येत होतं.

यादीतलं दुसरं नाव 'शेजारी', १९४१. कथा विश्राम बेडेकरांची, दिग्दर्शन शांतारामांचं. लाहोरचा पाकिस्तान ठराव होऊन जेमतेम वर्ष झालं होतं, आणि प्रभातने पडद्यावर आणले एकाच गावातले दोन म्हातारे मित्र, एक हिंदू आणि एक मुसलमान. मराठीत केशवराव दाते पाटील झाले आणि गजानन जागीरदार मिर्झा. हिंदी 'पडोसी'त तर गंमतच आहे. तिथे हिंदू मित्राचं काम मझहर खान यांनी केलं आणि मिर्झा पुन्हा जागीरदारच. शेवटी धरण फुटतं आणि दोघे मित्र एकत्रच मरतात.

माझी एक तक्रार आहे. या सिनेमात भांडण लावणारा बाहेरचा, धरण बांधायला निघालेला धनवान माणूस आहे. प्रत्यक्षात संशय घरातही वाढतो, त्यांच्या आणि आपल्याही. तरीही सिनेमा बघाच, कारण मिर्झाला मराठी बोलताना अवघडल्यासारखं होत नाही आणि त्याबद्दल त्याला कुणी शाबासकीही देत नाही. "तुम्ही मराठी किती छान बोलता!" हे वाक्य ऐकून कंटाळलेल्या माझ्या वाचकांना यातलं सुख कळेल.

तिसरा 'माणूस', १९३९. पोलीस गणपत आणि वेश्या मैना यांची ही गोष्ट. शाहू मोडक आणि शांता हुबळीकर यांच्यासाठी बघा, आणि फत्तेलालांनी उभ्या केलेल्या वस्तीसाठीही.

फत्तेलाल १९६४ मध्ये वारले. प्रभातच्या जागेत आज पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट आहे. तिथे २००३ साली लागलेल्या आगीत जुन्या चित्रपटांच्या कितीतरी मूळ फिती जळाल्या. उरलेलं जपायचं तर आधी ते बघितलं पाहिजे. एखाद्या रविवारी घरच्यांना घेऊन 'संत तुकाराम' लावा. श्रेयनामावलीत फत्तेलालांचं नाव आलं की मुलांना ते मोठ्याने वाचायला सांगा, आणि मग पुढचा सिनेमा गुपचूप बघू द्या.