ज्योतीवर चालणारा फ्रिज आणि पाणसळ

#धागा #तंत्रज्ञानाचा_इतिहास

युरोप-अमेरिकेत कॅम्पर गाडी घेऊन हिंडणारा जुन्या पिढीतील प्रवासी मुक्कामाची जागा मिळाली की प्रथम एक विचित्र वाटणारे काम करीत असे. फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात तो गवंड्याकडे असते तशी छोटी पाणसळ ठेवी आणि तिच्यातला बुडबुडा मधोमध येईपर्यंत गाडीच्या चाकांखाली फळ्या सरकवीत राही. घरातल्या फ्रिजची अशी मिजास कोणी सांभाळत नाही. गाडीतल्या फ्रिजची का सांभाळावी लागे, याचे उत्तर १९२२ सालच्या स्टॉकहोममध्ये सापडते.

उष्णता देऊन थंडावा मिळवण्याची कल्पना मात्र त्याहून जुनी. फ्रान्सच्या फर्डिनांड कॅरे यांनी १८५९ मध्ये अमोनिया आणि पाणी यांवर चालणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेकडून येणारा नैसर्गिक बर्फ बंद झाला, तेव्हा कॅरे यांची यंत्रे नाकेबंदी चुकवून दक्षिणेत पोहोचली होती. तत्त्व आपल्या माठाचेच आहे: द्रवाची वाफ होताना तो भोवतालची उष्णता ओढून घेतो. माठातले पाणी हवेत निघून जाते. कॅरे यांच्या यंत्रात अमोनियाची वाफ पाण्यात शोषली जाई आणि ते पाणी तापवून अमोनिया पुन्हा मोकळा केला जाई. पण यंत्राच्या एका भागात दाब जास्त, दुसऱ्यात कमी. त्यामुळे द्रव परत ढकलायला पंप हवाच. बर्फाच्या कारखान्यात ते चालले, स्वयंपाकघरात चालण्यासारखे नव्हते.

हा पंप काढून टाकला तो स्टॉकहोमच्या रॉयल तंत्रविद्यालयातील दोन विद्यार्थ्यांनी. बाल्टझर फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स, दोघेही पंचविशीच्या आसपासचे. त्यांनी बंद नळ्यांमध्ये अमोनिया व पाण्याच्या जोडीला हायड्रोजन भरला. हायड्रोजनमुळे सर्व नळ्यांतील एकूण दाब सारखा राहिला. आणि जिथे तो वायू होता तिथे अमोनियाचा स्वतःचा वाटा कमी पडल्याने द्रव अमोनियाची वाफ सहज होऊ लागली. खाली छोटी ज्योत लावली की उकळीचे बुडबुडे अरुंद नळीतून द्रवाला वर उचलतात, आणि पुढचा सारा प्रवास उतारावरून होतो. एकही हलणारा भाग नाही, म्हणून आवाजही नाही. १९२५ मध्ये इलेक्ट्रोलक्स या स्वीडिश कंपनीने हा शोध आपल्याकडे घेतला. (पुढे याच कंपनीने आइन्स्टाइन आणि लिओ झिलार्ड यांच्या फ्रिजच्या पेटंटांपैकीही काही विकत घेतली. बर्लिनमधील एक कुटुंब फ्रिजमधून गळलेल्या विषारी वायूने दगावल्याच्या बातमीने या दोघांना त्या विषयाकडे वळवले होते.)

पाणसळीचे रहस्य या उतारातच आहे. पंप गेला आणि त्याची जागा गुरुत्वाकर्षणाने घेतली. फ्रिज कलला तर द्रव नळीत अडून बसतो, ज्योत मात्र खालून तापवतच राहते. पोलाद गंजू नये म्हणून मिश्रणात सोडियम क्रोमेट घातलेले असते. कोरड्या, तापलेल्या नळीत त्याचे खडे धरतात आणि वाट कायमची बुजते. चालत्या गाडीत हेलकाव्यांमुळे द्रव एका जागी साचत नाही. धोका आहे तो उतारावर तासन्‌तास उभ्या असलेल्या गाडीला. नव्या फ्रिजना थोडा कल सोसतो, जुन्यांना तोही नाही.

इतके शांत यंत्र घराघरांतून गेले कसे? अमेरिकेत सर्व्हेल कंपनी १९२०च्या दशकापासून १९५०च्या दशकापर्यंत गॅसवरचे फ्रिज विकत होती. रूथ श्वार्ट्झ कोवान या इतिहासकार बाईंनी १९८५ मधील गाजलेल्या निबंधात असे मांडले की जनरल इलेक्ट्रिक, जनरल मोटर्ससारख्या कंपन्यांचे भांडवल आणि वीज विकणाऱ्यांचे हित कॉम्प्रेसरच्या पाठीशी होते. उत्तम यंत्र जिंकतेच असे नाही. युक्तिवाद पटणारा आहे, पण संपूर्ण नाही. तेवढ्याच थंडाव्यासाठी या यंत्राला ऊर्जा बरीच जास्त लागते, हेही खरे.

हरलेले यंत्र मग जिथे तार पोहोचत नाही तिथे, किंवा जिथे आवाज नको तिथे टिकले: रॉकेलवर चालणारे फ्रिज, हॉटेलच्या खोलीतले मिनीबार आणि कॅम्पर गाड्या. गाडीत त्याला तीन मार्गांनी उष्णता मिळते. मुक्कामी विजेची जोड असेल तर त्या विजेवर, नसेल तर सिलिंडरच्या गॅसवर, आणि वाटेत १२ व्होल्टच्या बॅटरीवर. हा तिसरा मार्ग इंजिन चालू असतानाच वापरायचा. उभ्या गाडीत तो काही तासांत बॅटरी कोरडी करतो. पेट्रोल पंपावर शिरण्यापूर्वी ज्योत विझवलीच पाहिजे.

यंत्र संथ आहे. निघण्याच्या आदल्या रात्रीच ते सुरू करून ठेवावे आणि आत आधीच थंड केलेले पदार्थ ठेवावेत. सुरुवातीच्या घरगुती नमुन्यांना थंड राहण्यासाठी नळाच्या पाण्याची जोड लागत असे. १९३०च्या दशकात हे काम हवेकडे आले, आणि तेव्हापासून मागच्या झरोक्यांना महत्त्व आले. ते सामानाने बुजवले तर फ्रिज थंड होत नाही. बर्नरवर धुराड्यातला गंज पडतो, कोळी जाळी विणतात. म्हणून दर हंगामाआधी जाणकाराकडून सफाई करून घ्यावी लागते. ज्योत निळी हवी. पिवळी ज्योत म्हणजे काजळी, आणि काजळीसोबत कार्बन मोनॉक्साइड. १९३३ ते १९५७ या काळातील सर्व्हेल फ्रिज अजून कुणाच्या शेतघरात चालू असतील तर ते बंद करावेत, असा इशारा अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाला द्यावा लागला, तो याच वायूने घेतलेल्या बळींमुळे. गाडीतल्या फ्रिजच्या बर्नरला म्हणूनच हवा बाहेरून मिळते आणि त्याचा धूरही बाहेरच सोडला जातो. राहण्याच्या जागेकडची फट बुजलेली आहे ना, हे तपासणे ज्योत पाहण्याइतकेच महत्त्वाचे. अमोनियाचा उग्र वास आला, किंवा मागे पिवळी पूड दिसली, तर नळी फुटली असे समजून यंत्र बंद करावे, गाडीतून बाहेर पडावे. त्या पुडीतले क्रोमेट विषारी असते. तिला हात लावू नये.

इलेक्ट्रोलक्सचा हा विभाग २००१ मध्ये वेगळा होऊन डोमेटिक झाला. छतावरची सौर पटले आणि लिथियम बॅटऱ्या यांच्यामुळे नव्या गाड्यांत आता कॉम्प्रेसर येऊ लागला आहे, आणि डोमेटिक तोही विकते. त्याला पाणसळ लागत नाही. रात्री मात्र तो अधूनमधून गुरगुरतो.