पाणी आपल्या गल्लीत येणार का? पूर-नकाशा काही मिनिटांत कसा बनतो

पावसाळ्यात कोल्हापूरकरांचा रोजचा प्रश्न असतो, "राजाराम बंधाऱ्यावर किती फूट?" पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. पण हा आकडा बंधाऱ्यावरचा. आपल्या गल्लीत पाणी शिरेल का, हे सांगायला पूर-नकाशा लागतो.

त्याचा पाया म्हणजे डिजिटल एलेव्हेशन मॉडेल, थोडक्यात 'डेम'. जमिनीचे छोटे चौकोन पाडून प्रत्येकाची समुद्रसपाटीपासूनची उंची त्यात नोंदवलेली असते. फेब्रुवारी 2000 मध्ये 'एंडेव्हर' यानाने 11 दिवसांत जगातली बहुतांश जमीन रडारने अशी मोजली. इस्रोचं 'कार्टोडेम' तर 'भुवन' पोर्टलवर मोफत मिळतं. दोन्हींत चौकोन साधारण 30 मीटरचा.

मग एक उंची धरून त्याखालचं सगळं निळं रंगवायचं? नाही. नदी उताराने वाहते, वरच्या गावात पाण्याची पातळी खालच्या गावापेक्षा उंच असते. म्हणून 'हँड' नावाची पद्धत वापरतात. चौकोनावरचं पाणी उताराने ज्या ठिकाणी ओढ्याला किंवा नदीला मिळतं, त्या ठिकाणापेक्षा तो चौकोन किती उंच आहे, हे आधीच काढून ठेवतात. नदी पात्रात 6 मीटर चढणार असेल, तर त्याहून कमी उंचीचे चौकोन बुडाले. गणित एवढंच, म्हणून नकाशा झटपट तयार. अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवाही हीच पद्धत वापरते.

गोम पुढे आहे. इशारा आणि धोका पातळीत फरक फक्त 4 फुटांचा, म्हणजे जेमतेम सव्वा मीटर. मोफत डेममधली चूक काही मीटरची असू शकते. दाट झाडी किंवा छपरं असतील तिथे जमीन आहे त्यापेक्षा उंच नोंदली जाते. नंतर टाकलेला भराव तर त्यात नसतोच. शिवाय एका चौकोनात गल्लीतली चार-पाच घरं बसतात. त्यामुळे व्हॉट्सॲपवर आलेल्या नकाशात आपलं घर निळ्या पट्ट्याच्या जरासं बाहेर दिसलं, म्हणून स्थलांतराची सूचना टाळणं धोक्याचं.

'हँड'ला फुगवटाही कळत नाही. नृसिंहवाडीला कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे चढतं. तिथे नदीपात्राची मोजमापं घेऊन चालवलेलं, वेळखाऊ प्रवाहाचं मॉडेलच लागतं.