एका स्टाफवरील बहुभागी गायनलेखन

एका स्टाफवरील बहुभागी गायनलेखन म्हणजे पाश्चात्त्य स्टाफ नोटेशनमध्ये दोन किंवा अधिक गायनभाग पाच रेषांच्या एकाच स्टाफवर, परस्परांपासून स्वतंत्र राहतील अशा रीतीने लिहिण्याची पद्धत होय. चार भागांच्या समूहगीतात स्त्रियांचे सोप्रानो व आल्टो हे भाग वरच्या स्टाफवर आणि पुरुषांचे टेनर व बास हे भाग खालच्या स्टाफवर लिहितात. या मांडणीला बंदिस्त मांडणी, तर प्रत्येक भागाला वेगळा स्टाफ देणाऱ्या मांडणीला खुली मांडणी म्हणता येईल. बंदिस्त मांडणीत कागद वाचतो आणि साथीच्या पियानो अथवा ऑर्गनवादकास चारही भाग एका दृष्टिक्षेपात वाचता येतात.

पार्श्वभूमी

पंधराव्या-सोळाव्या शतकांतील युरोपीय समूहगायनाच्या ग्रंथांत प्रत्येक भाग स्वतंत्रपणे लिहिला जाई. ओत्ताव्हियानो पेत्रुच्ची याने १५०१ साली व्हेनिस येथे छापलेल्या बहुभागी संगीताच्या संग्रहातही समोरासमोरच्या पानांवर निरनिराळे भाग स्वतंत्र आढळतात. पुढे चर्चमधील गीतसंग्रहांत दोन स्टाफवर चार भाग ही मांडणी रूढ झाली.

भारतीय शास्त्रीय संगीत प्रामुख्याने एकस्वरी असल्याने विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) आणि विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांच्या स्वरलेखन पद्धती एकाच सुरावटीसाठी घडविल्या गेल्या. भातखंडे पद्धतीत दोन भाग दाखवायचे झाल्यास दोन ओळी एकाखाली एक घेऊन मात्रांचे रकाने जुळवावे लागतात.

महाराष्ट्र व गोवा

गोव्यातील मांडो हा कोंकणी गीतप्रकार या लेखनाचे जवळचे उदाहरण आहे. एकोणिसाव्या शतकात साष्टी भागात बहरलेला मांडो दोन आवाजांत गातात. दुसरा आवाज बहुधा पहिल्याच्या तिसऱ्या किंवा सहाव्या स्वराच्या अंतराने चालतो. असे जवळून चालणारे दोन भाग एका स्टाफवर सहज मावतात. मुंबईत व्हिक्टर परांज्योती यांनी १९५६ साली स्थापन केलेल्या परांज्योती अकॅडमी कोरसने बहुभागी समूहगायनाची परंपरा रुजविली. त्यांच्या मृत्यूनंतर कूमी वाडिया यांनी ती पुढे नेली. अहिल्यानगर, जालना, छत्रपती संभाजीनगर या परिसरातील मराठी ख्रिस्ती उपासनेत भजनांबरोबरच मूळ पाश्चात्त्य चालींवर बसविलेली भाषांतरित गीतेही गायिली जातात. अशा गीतांचे चारही भाग मराठी शब्दांसह लिहावयाचे असल्यास बंदिस्त मांडणीचे नियम ठाऊक असणे आवश्यक ठरते.

लेखनाचे नियम

एकाच भागाच्या लेखनात मधल्या रेषेखालील स्वरांच्या दांड्या वर आणि वरील स्वरांच्या खाली जातात. दोन भाग असताना हा नियम बाजूस ठेवला जातो व पुढील संकेत पाळले जातात.

• वरच्या भागाच्या सर्व दांड्या वर, खालच्या भागाच्या सर्व दांड्या खाली.
• स्वर जोडणाऱ्या कमानी वरच्या भागासाठी वर आणि खालच्यासाठी खाली वळतात.
• विरामचिन्हे आपापल्या भागाच्या बाजूस सरकवितात. दोन्ही भाग एकाच वेळी तितकाच काळ थांबत असतील, तर एकच चिन्ह पुरते.
• दोन्ही भाग समान कालमानाचा एकच स्वर गात असतील, तर एका डोक्याला वर व खाली अशा दोन दांड्या देतात. पूर्णस्वराला दांडी नसल्याने तेथे दोन डोकी शेजारीशेजारी छापतात.
• सा आणि रे यांसारखे लगतचे स्वर एकत्र आल्यास डोकी एकावर एक न छापता शेजारी मांडतात. वरच्या भागाचे डोके सहसा डावीकडे असते.
• कोमल-तीव्रतेची चिन्हे एका भागात आली असली, तरी त्याच बारमध्ये दुसऱ्या भागात तो स्वर आल्यास चिन्ह पुन्हा देणे हितावह असते.

संगणकीय प्रणालींमध्ये

स्वरलेखनाच्या प्रणालींत स्वतंत्र भागासाठी ‘व्हॉइस’ किंवा ‘लेयर’ ही संकल्पना असते. म्यूझस्कोअर व सिबेलियस यांत एका स्टाफवर चार व्हॉइस मिळतात. फिनालेमध्ये चार लेयर असतात. डोरिकोमध्ये व्हॉइसच्या संख्येवर असे बंधन नाही. लिलीपाँड या मजकुरावर चालणाऱ्या प्रणालीत दुहेरी कोनी कंसांच्या आत प्रत्येक भाग वेगळा लिहून मध्ये दोन तिरप्या रेषा देतात.

म्यूझस्कोअरमध्ये प्रथम पहिल्या व्हॉइसमध्ये वरचा भाग पूर्ण लिहितात. मग त्याच बारच्या आरंभी येऊन कंट्रोल, आल्ट आणि २ या कळा एकत्र दाबून दुसऱ्या व्हॉइसमध्ये खालचा भाग भरतात. निवडलेला स्वर पहिल्या व्हॉइसमध्ये निळा, तर दुसऱ्यात हिरवा दिसतो. दांड्यांच्या दिशा प्रणाली आपोआप ठरविते.

व्हॉइस आणि कॉर्ड यांतील भेद येथे कळीचा आहे. आल्टोचा स्वर सोप्रानोच्या स्वराखाली कॉर्ड म्हणून जोडल्यास दोन्ही स्वर एकाच दांडीला लागतात आणि त्यांचे कालमान एकच राहते. चार मात्रांच्या बारमध्ये सोप्रानो एकच स्वर चार मात्रा धरून ठेवत असेल आणि आल्टो एकेका मात्रेचे चार स्वर गात असेल, तर कॉर्डने ते दाखविताच येत नाही. शिवाय कॉर्डमध्ये मिसळलेला भाग पुढे वेगळा काढणे कठीण जाते. दृष्टिहीन गायकासाठी ब्रेल प्रत किंवा आल्टोसाठी सरावाची प्रत करताना ही उणीव प्रकर्षाने जाणवते.

प्रत्येक व्हॉइसची मात्रासंख्या बारशी जुळावी लागते. म्हणून दुसऱ्या व्हॉइसमध्ये एकच स्वर लिहिला, तरी उरलेल्या मात्रांचे विराम आपोआप उमटतात. म्यूझस्कोअरमध्ये दुसऱ्या ते चौथ्या व्हॉइसमधील नको असलेले विराम पुसता येतात. पहिल्या व्हॉइसमधील विराम केवळ अदृश्य करता येतात.

मराठी गीतशब्द

दोन्ही भागांची लय समान असल्यास शब्द एकदाच, पहिल्या व्हॉइसला जोडून स्टाफखाली लिहितात. लय भिन्न असल्यास वरच्या भागाचे शब्द स्टाफवर आणि खालच्या भागाचे स्टाफखाली देतात. बहुतेक प्रणालींत शब्द तोडण्यासाठी संयोगचिन्ह वापरतात.

देवनागरीत शब्द कोठे तोडावा हा प्रश्न विशेष विचाराचा आहे. ‘भक्ती’ हा शब्द उच्चारानुसार ‘भक्-ती’ असा, तर अक्षरलेखनानुसार ‘भ-क्ती’ असा तुटतो. पहिल्या पद्धतीत उच्चार स्पष्ट होतो, दुसरीत जोडाक्षर अखंड राहते. ‘देव’सारख्या शब्दातील अंत्य ‘व’ला स्वतंत्र स्वर द्यायचा की नाही, हे चालीवरून ठरते. एका संहितेत एकच पद्धत पाळल्यास सर्व भागांचे गायक एकाच क्षणी एकच अक्षर उच्चारतात.

देवाणघेवाण व मर्यादा

एका प्रणालीतील संहिता दुसरीत नेण्यासाठी म्यूझिकएक्सएमएल हे स्वरूप वापरतात. त्यात एका व्हॉइसचे स्वर नोंदविल्यावर काळ मागे नेणारी खूण देऊन दुसऱ्याचे स्वर नोंदविले जातात. मेकम्युझिक कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये फिनालेचा विकास थांबविल्याचे जाहीर केल्यानंतर जुन्या संहिता टिकविण्यासाठी या स्वरूपाचे महत्त्व अधिक जाणवले. मूळ लेखनात व्हॉइस नीट वेगळे ठेवलेले असतील, तर स्थलांतरानंतरही भाग ओळखता येतात.

भाग वारंवार एकमेकांना ओलांडत असतील, लय फार भिन्न असेल किंवा प्रत्येक भागाचे शब्द वेगळे असतील, तर बंदिस्त मांडणी वाचण्यास अवघड होते. एका स्टाफला सहसा एकच ध्वनी जोडलेला असल्याने संगणकावर एकच भाग ऐकून सराव करणेही गैरसोयीचे ठरते. अशा वेळी सरावासाठी खुली आणि छपाईसाठी बंदिस्त अशा दोन प्रती ठेवणे सोयीचे असते. म्यूझस्कोअरमध्ये अनेक स्टाफ एकत्र करण्याची सोय असल्याने खुल्या प्रतीवरून बंदिस्त प्रत करता येते.

हेही पाहा

भातखंडे स्वरलेखन पद्धती, मांडो, समूहगान, स्टाफ नोटेशन